मलेरियाचे परजीवी रा. रा. प्लास्मोडियम फाल्सिपेरम यांस अनावृत पत्र

रा. रा. फाल्सिपेरमसाहेब यांसी,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, दर 48 तासांनी तांबड्या पेशी फोडून, हुडहुडी भरवून, ताप चढवून आपण आपली खुशाली कळवता. इतकी नियमित पत्रे सख्खे नातलगही पाठवत नाहीत. आभारी आहोत.

प्लीहेने पकडू नये म्हणून आपण बाधित पेशी मेंदूच्या केशवाहिन्यांना चिकटवून ठेवता. यजमानाची शुद्ध हरपते खरी, पण आपली गैरसोय टळली, याचा आम्हांस आनंद आहे.

आम्ही भाबडे. वाटायचे, यजमान दगावला तर डासापर्यंत पोचायचे कसे? तेव्हा हजारो वर्षांच्या घरोब्यानंतर आपण आपोआप सौम्य व्हाल. वाट पाहतो आहोत.

1994 मध्ये मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी गणित मांडून आमचे अज्ञान दूर केले. आपण एकटे थोडेच येता! आफ्रिकेत जिथे मलेरियाचा जोर आहे, तिथे एकाच माणसाच्या रक्तात आपले कितीतरी वाण नांदतात. मग काटकसर करायची कोणासाठी? पंगतीत लाजत बसणाऱ्याच्या पानावर जिलेबी येईपर्यंत परात रिकामी होते.

आपले उंदरांतले भाऊबंद, चाबाउडी, यांनीही घराण्याची शान राखली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जहाल आणि सौम्य वाण एकाच उंदरात सोडले. जहालांनी सौम्यांना दडपले आणि पुढे डासांतही तेच अधिक पोचले. सज्जनपणाचे असे चीज क्वचितच होते.

एक अर्ज आहे. किड्यांना ग्रासणारे काही जीवाणू शेजाऱ्यावरच विष सोडतात. त्यांच्या भाऊबंदकीत किडा जरा जास्त जगतो. आपणही असेच मनमुराद भांडावे. पेशी खाण्याची शर्यत लावण्यापेक्षा परस्परांचे गळे धरावेत. आम्ही मध्ये पडणार नाही.

आमचे आतिथ्यही विसरू नका. औषध घेणे आम्हांस भाग आहे. त्याने मरणारे वाण मेले, की त्यांनी आजवर दाबून ठेवलेल्या, औषधाला न जुमानणाऱ्या आपल्या चिरंजीवांना अख्खे घर मोकळे मिळते. उंदरांत हे पडताळून झाले आहे. क्लोरोक्विन तर आपण केव्हाच पचवलेत, अभिनंदन!

आपल्या स्वभावाबद्दल तक्रार नाही. शेजारच वाईट. फक्त त्या शेजाऱ्याचे आडनावही फाल्सिपेरमच निघते.

कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत न व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक यजमान