सिल्क बोर्डाकडे, खाली मान घालून

हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून सिल्क बोर्डाच्या चौकाकडे निघालेल्या प्रवाशाला बेंगळुरूची प्रेक्षणीय स्थळं पाहायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. आउटर रिंग रोड त्याला एकेका स्थळापाशी मनसोक्त थांबवतो. टिन फॅक्टरीला मेट्रोचे खांब मोजून होतात, मारतहळ्ळीला दुकानांच्या पाट्या पाठ होतात आणि बेळ्ळंदूरला काचेच्या इमारतीत कोणत्या मजल्यावर दिवे चालू आहेत तेही सांगता येतं. पण या वाटेवरचं खरं दृश्य म्हणजे वाहनचालकांच्या माना. दुचाकीस्वाराने फोन हेल्मेट आणि गाल यांच्या फटीत खुपसलेला असतो. त्यामुळे मान सरळ राहते, पण तोंडाने भांडण चालू असतं. ज्याने हेल्मेट घातलेलं नाही त्याची मान खांद्यावर कललेली. मोटारवाल्याची मान खाली, कारण फोन मांडीवर, आणि मांडीवरचा फोन पोलिसाला दिसत नाही ही त्याची गाढ श्रद्धा. इतक्या माणसांनी एकाच वेळी माना लववलेल्या एरवी देवळातच दिसतात. फेब्रुवारी २०२५मध्ये या परंपरेचा कळस झाला. गाडी चालवता चालवता लॅपटॉपवर काम करणाऱ्या एका बाईंचा व्हिडिओ गाजला. काम घरून करा, गाडी चालवताना नको, असा टोला हाणून पोलिसांनी दंडही केला. शहर पोट धरून हसलं. आता तो व्हिडिओ पाहायला फोन लागतोच, आणि बेंगळुरूत निवांत फोन पाहायला मिळतो तो बहुधा गाडीतच.

या मानांच्या बाजूने पहिला युक्तिवाद असा, की इथे गाडी चालतेच कुठे? पुरावाही भक्कम आहे. टॉमटॉम कंपनीच्या २०२२च्या पाहणीत शहराच्या मध्यभागात १० किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होती. जगात आपल्या पुढे फक्त लंडन. म्हणजे वेग ताशी साधारण साडेवीस किलोमीटर. आता दुसरा आकडा घेऊ. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक संस्थेच्या २००९च्या अभ्यासात संदेश टाइप करणाऱ्या ट्रकचालकांची नजर दर सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद रस्त्यावरून हटलेली आढळली. आपल्या गोगलगायी वेगानेही तेवढ्या वेळात गाडी २६ मीटर जाते. अमेरिकेतल्या महामार्गावर २६ मीटरांत फारसं काही घडत नसेल. मारतहळ्ळीला तेवढ्या जागेत एक खड्डा, एक बिनरंगाचा गतिरोधक, उलट्या दिशेने येणारी एक स्कूटर आणि दुभाजकावरून उतरणारं एक कुटुंब आरामात मावतं. सावकाश चालणाऱ्या गाडीने माणूस मरत नाही, असं ज्याला वाटतं त्याने त्या कुटुंबाच्या जागी उभं राहून पाहावं.

बरं, सिग्नलला गाडी पूर्ण थांबलेली असताना पाहिलं तर? याचं उत्तर थोडं अपमानास्पद आहे. फोन खाली ठेवला की लक्ष लगेच रस्त्यावर येतं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात डोळे येतात, डोकं मागेच रेंगाळतं. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनच्या २०१५च्या अभ्यासात गाडीला नुसत्या तोंडी आज्ञा दिल्यानंतरही मनाचं हे रेंगाळणं २७ सेकंदांपर्यंत टिकलेलं दिसलं. म्हणजे दिवा हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा गजर केला, गाडी चौक ओलांडून गेली, तरी चालक अजून सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरबद्दल तावातावाने उत्तर देतोच आहे. हेडफोन लावणारे इथे गालातल्या गालात हसतात, कारण त्यांचे हात मोकळे असतात. पण फोनवर बोलताना अडकलेलं असतं ते डोकं. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत हातात फोन धरणारे आणि कानाला यंत्र लावणारे यांच्या गफलतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणंही बंद करायचं का? मुळीच नाही. शेजारच्या आत्याबाईंना रस्ता दिसतो. पाण्याचा टँकर आडवा आला की त्या मधेच गप्प होतात, ‘अगं बाई!’ म्हणतात आणि नसलेला ब्रेक दाबतात. पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या आत्याबाईंना टँकर दिसत नाही, त्या साखरपुड्याच्या याद्या पुढे रेटतात.

नकाशाचं काय, हा आक्षेप मात्र मानायला हवा. १६३८मध्ये बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं तेव्हा एकेरी मार्ग नव्हते आणि घोडाही वाटेकडे पाहून चालायचा. आज नकाशाशिवाय कोरमंगलातून बाहेर पडणं अवघड आहे. कायद्यालाही हे पटलं. २०१९च्या दुरुस्तीने हातातला फोन धोकादायक चालवण्यात धरला; २०२०च्या नियमाने लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने रस्ता शोधायला तो वापरण्याची मुभा दिली. तेव्हा पत्ता निघण्यापूर्वी टाकावा आणि पुढचं नुसतं ऐकावं. राहिला धाक. २०१९मध्ये इथल्या पोलिसांनी चौकांत गणवेश घातलेले पुतळे उभे केले होते. मांडीवरच्या पडद्याकडे पाहणाऱ्याला खरा हवालदार दिसत नाही, पुतळ्याने काय करावं? डिसेंबर २०२२पासून ५० चौकांत वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे कॅमेरे आले. त्यांचा उपयोग आहे, पण ते चुकलेल्या चालकालाच पकडतात आणि त्याला फोन लावणाऱ्याला सोडून देतात.

खरा मुद्दा इथेच आहे. चालत्या गाडीतला फोन आपण होऊन वाजत नाही. साडेनऊची मीटिंग नऊ चाळीसला सुरू झाली तर कंपनी बुडेल असं मानणारा साहेब, जेवण चार मिनिटं उशिरा आलं म्हणून डिलिव्हरीच्या पोराला तिसऱ्यांदा फोन लावणारं गिऱ्हाईक आणि ‘कुठे पोहोचलास?’ हे काळजीपोटी दर दहा मिनिटांनी विचारणारं घर, हे तिघे त्या गाडीत न बसता ती चालवत असतात. डिलिव्हरीवाल्या पोराला तर फोन बंद ठेवायची सोयच नाही. त्याचं पोट त्या पडद्यावर आहे. त्याला शिस्तीचे धडे देण्यापेक्षा गाडी हलत असताना त्याच्याकडून बटण दाबून न घेणारं अ‍ॅप बनवणं जास्त न्यायाचं, आणि असली अ‍ॅपं बनवणाऱ्यांची या शहरात टंचाई नाही. बाकीच्यांच्या फोनमध्ये गाडी चालू असल्याचं उत्तर आपोआप पाठवणारी सोय कधीची आहे. ती लावली तर बॉस रागावेल, ही भीती खरी आहे. म्हणून ती पहिल्यांदा बॉसने लावावी.

सिल्क बोर्डानंतर उंचावरून इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारा जवळपास १० किलोमीटरचा रस्ता लागतो आणि गाडीला एकदम ऐंशीचा वेग चढतो. कोंडीत लागलेली सवय मात्र मांडीवरच असते, आणि मघाच्या ४.६ सेकंदांत आता शंभर मीटर निघून जातात. ज्याला मीटिंग टाळताच येत नाही त्याच्यासाठी ऑगस्ट २०२५पासून मेट्रोची यलो लाइन याच बाजूने बोम्मसंद्रापर्यंत धावते. तिथे मान हवी तितकी खाली घालावी; फार तर स्टेशन हुकेल. अडचण एवढीच, की स्टेशनाबाहेर आल्यावर रिक्षा मागवायला तोच फोन काढावा लागतो, आणि रिक्षा निघाल्याचं पडद्यावर दिसताच आपण तिच्या चालकाला फोन लावून विचारतो, ‘कुठे पोहोचलात?’