डाव्या कोपऱ्याचा प्रश्न

गणपती गेले की पेणमध्ये थोडे दिवस हात रिकामे होतात. हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यांत वर्षभर शाडू, प्लास्टर आणि रंगांत बुडालेली माणसं जरा पाठ टेकतात. भात कापणीला यायचं असतं. दिवाळी तोंडावर असते, पण खिशात आलेली नसते. अशा दिवसांत दुसऱ्याच्या पैशाने खेळाडू विकत घेण्यासारखं सुख नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात प्रो कबड्डीचा लिलाव मुंबईत झाला, तो नेमका या फावल्या वेळात. पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी गड्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि पेण ते रोहा या पट्ट्यातल्या प्रत्येक कबड्डीवेड्याला ते आपल्याच खात्यातून वळते झाल्यासारखं वाटलं.

बरं, एवढे पैसे एखाद्या चढाईपटूवर गेले असते तर कुणी काही बोललं नसतं. चढाई दिसते. पोरगं मध्यरेषा ओलांडून जातं, दोघांना शिवून परत येतं, मांडीवर थाप मारतं, मंडपातल्या बायकाही मान वर करून बघतात. शादलुई डावा कोपरा. कोपऱ्यातल्या माणसाला एवढे पैसे?

दिवा-रोहा गाडी या असल्या चर्चेसाठीच काढली असावी, असा माझा जुना संशय आहे. मागून येणाऱ्या कोकणच्या गाडीला वाट द्यायला ती मधेच उभी राहते आणि वादाला पुरेसा अवकाश मिळतो. पेणला चढलेला मुद्दा कासूला तापतो, नागोठण्याला शिगेला पोचतो, निडीपर्यंत त्यात कुणाच्या तरी सासुरवाडीचा उद्धार होतो आणि रोह्याला सगळे एकमेकांना ‘उद्या भेटू’ म्हणून उतरतात.

त्या आठवड्यात विरोधी पक्षाचं नेतृत्व एका निवृत्त नानांकडे होतं. त्यांचं म्हणणं साधं. “२०१४ साली पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग कोण गेला? राकेशकुमार. किती? १२ लाख ८० हजार. अरे, भारताचा कॅप्टन होता तो! आणि आता पाय धरायचे दोन कोटी?” नानांना पाय धरण्याचा अनुभव असावा. त्यांच्या नोकरीत ते काम लोक फुकट करत.

समोरच्या बाकावर सरकारपक्ष. त्यातला एक जण रोह्याकडचा, स्वतः खेळलेला. करंगळी वाकडी असलेली माणसं कबड्डीवर बोलू लागली की मी वाद घालत नाही. तो म्हणाला, “नाना, बहुतेक चढाईवाले उजव्या हाताचे. ते आत शिरले की ओढा त्यांच्या उजव्या अंगाला, म्हणजे आपल्या डाव्या कोपऱ्याकडे. दिवसभर सगळं गिऱ्हाईक एकाच गल्ल्यावर येणार असेल, तर तिथे माणूस कसा बसवाल? स्वस्तातला?”

यावर डबा थोडा वेळ गप्प झाला. पण नानांच्या तोंडून हार वदवणं सोपं नव्हतं. “तो परत जाईल तिकडे इराणला,” एवढं बोलून त्यांनी शेंगदाण्याची पुडी सोडली.

या वादात माझा भाचा उगाच ओढला गेला. त्याचा जीव फुटबॉलमध्ये. रात्री दोन-दोनला उठून विलायतेतल्या मॅचेस बघतो आणि सकाळी आईने उठवलं की अन्याय झाल्यासारखा बघतो. त्याने समजूत घालायच्या सुरात सांगितलं, “नाना, हा म्हणजे आमचा विंगबॅक. कडेने पुढे जायचं, हल्ला करायचा, आणि चेंडू गेला की धावत मागे यायचं.”

“पुढे कोण जाणार?”

“विंगबॅक.”

“आणि मागे कोण राखणार?”

“तोच.”

“म्हणजे एका पगारात दोन कामं,” नाना म्हणाले. “त्याला आमच्या कंपनीत ऑपरेटर-कम-हेल्पर म्हणत.”

भाच्याने हार मानली नाही. मुंबईच्या राहुल भेकेचं उदाहरण त्याने काढलं. बचावातला गडी, पण २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईतच झालेल्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध जादा वेळ संपत आला असताना त्याच्या एका हेडरने बंगळूरला पहिलं विजेतेपद मिळालं. आडनाव भेके आहे म्हटल्यावर डब्यात फुटबॉलविषयी एकदम आपुलकी निर्माण झाली. शादलुईसुद्धा मधेच चढाईला जातो, हे भाच्याने त्याच दमात जोडून दिलं. नानांनी त्याला शेंगदाणे देऊ केले. याला तडजोड म्हणतात.

खरा मुद्दा मात्र त्या वाकड्या करंगळीवाल्याने नंतर मांडला, आणि मला तो फार पटला. कोपरा एकट्याने काही करत नाही, असं तो म्हणाला. कोपऱ्याने पाय धरला की चढाईवाला मध्यरेषेकडे झेप टाकतो. त्या क्षणाला शेजारच्या कव्हरने अंगावर येऊन त्याला दाबला नाही, तर धरणाराही त्याच्याबरोबर फरफटत जातो आणि गुण द्यावा लागतो वर. म्हणून विचारायचं ते किती पैसे हे नव्हे. त्याच्या शेजारी कोण उभा आहे, हे. पलटणकडे कव्हरला संकेत सावंत आणि अबिनेश होते, उजव्या कोपऱ्याला गौरव खत्री. यू मुंबाचे पहिले दोन हंगाम आठवा. सुरेंदर नाडा डाव्या कोपऱ्याला आणि मोहित छिल्लर उजव्या. दोघं इतकी वर्षं एकत्र खेळलेले, की एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सोडावा. २०१४ ला संघ अंतिम सामन्यात हरला, २०१५ ला जिंकला. पुढे २०१६ च्या लिलावात छिल्लर ५३ लाखांना बंगळूरला गेला, त्या वर्षी सगळ्यांत महाग. लिलावात माणसाची किंमत लागते, जोडीची लागत नाही. संसाराचंही बरंच काही असंच असतं, पण त्यात शिरलो तर रोहा येऊन जाईल.

तर, शेजारी कोण हा प्रश्न. तो मला नवीन नव्हता. नागोठणे आणि रोह्याच्या मधल्या एका गावात मी तो सभेत मांडलेला ऐकला होता, फक्त तिथे कोटींचा मामला नव्हता.

इकडे भात निघालं की शेतात मैदान होतं. माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीच्या रेघा ओढायच्या. रात्री हॅलोजन, कर्ण्यावर समालोचक, वड्यांची कढई. संघांना नावं गावदेवीची किंवा हनुमानाची. आणि पत्रकाच्या तळाशी एक कडक नियम: खेळाडू गावातलेच असावेत, आधारकार्ड सोबत आणावे. या एका ओळीने रायगडात जेवढी भांडणं लावली असतील तेवढी बांधाने लावली नसतील.

त्या गावाचा डावा कोपरा नोकरीसाठी आखातात गेला. चढाईवाले तीन, सगळे चांगले, पण डावी बाजू उघडी. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की गावचा एक जावई पेणच्या बाजूला डावा कोपराच खेळतो. पट काढण्यात पटाईत. झालं! रात्री देवळात सभा बसली. विषय एकच: जावई गावातला धरायचा की नाही?

मी अनेक साहित्यसंमेलनांतले परिसंवाद ऐकले आहेत. त्या सभेच्या पासंगाला ते पुरत नाहीत. एक म्हणाला, जावयाला आपण धोंड्याच्या महिन्यात ताट-वाण देतो, म्हणजे तो घरचा. दुसरा म्हणाला, ताट-वाण देतो म्हणजेच पाहुणा. घरच्याला कोण देतं? तिसऱ्याने कळीचा प्रश्न केला, हरलो तर त्याला बोलता येईल का? गावच्या पोराची पकड सुटली तर चार शिव्या घालता येतात. जावयाला घातल्या तर मुलीला त्रास. हा मुद्दा इतका वजनदार होता की अध्यक्षांनी चहा मागवला. एक म्हातारबाबा मग व्यवहाराचं बोलले: “खेळ तो करेल. त्याच्या बाजूला कवरला कोण उभा राहतो ते ठरवा. मेव्हण्याला ठेवा. मेव्हणा त्याचा हात सोडायचा नाय.”

ठराव मंजूर झाला. जावयाने मेव्हण्याचा हात धरून पहिल्या सामन्यात असा खेळ केला की सासरे मैदानाच्या कडेला उगाचच मिशीवरून हात फिरवत उभे होते. दुसऱ्या सामन्यात समोरच्या गावाने दोन जावई आणि एक मामेभाऊ उतरवला, आणि आधारकार्डाची शहानिशा पहाटेपर्यंत चालली.

शादलुईचं पुढे काय झालं ते कागदावर आहे. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. सरकारपक्षाने पेढे वाटले. मग पलटणने त्याला सोडलं, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना उचललं आणि त्याच डिसेंबरात पुण्याच्या बालेवाडीत पाटण्याला हरवून हरियाणा पहिल्यांदा विजेता झाला. नाना मवाळ होऊ लागले होते. पण २०२५ ला गुजरातने २ कोटी २३ लाख मोजले आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. उलट शादलुईवाचूनची पलटण अंतिम सामन्यात पोचली आणि दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. त्यामुळे दोन्ही पक्ष आजही आपापल्या बाकावर बरोबर आहेत आणि गाडी वेळेवर नसल्याने वाद सुरळीत चालू आहे.

त्या गावात मात्र पक्का फरक पडला आहे. मुलीला स्थळ आलं की नोकरी, शेती, घर हे सगळं विचारून झाल्यावर मुलीचा काका हळूच घसा साफ करतो.

“मुलगा कबड्डी खेळतो म्हणे?”

“हो, चांगला चढाईपटू आहे,” मुलाकडचे अभिमानाने सांगतात.

काका बशी खाली ठेवतो. “चढाईवाले आमच्याकडे आहेत हो. उजवा कोपरा कुणी आहे का तुमच्यात?”