वेरूळच्या राणीला भेटायला

माझं गाव ओझर. एवढं सांगितलं की समोरचा माणूस नकळत हात जोडतो आणि विचारतो, "विघ्नहराचं?" मग खुलासा करावा लागतो. ते जुन्नरकडचं. आमचं नाशिकजवळचं, ओझर मिग. त्या ओझरला गणपती आहे, आमच्या ओझरला विमानांचा कारखाना. तिथे मिग-२१ तयार व्हायची, आणि गावाने ते नाव आडनावासारखं लावून टाकलं.

शाळेत इतिहासाचा तास चालू असताना मिग डोक्यावरून गेलं की मास्तर खडूचा हात तसाच हवेत धरून थांबायचे. अफझलखान शामियान्यात येऊन ठेपलेला, आणि पुढे काहीच नाही. आवाज विरला की मास्तर विचारायचे, "कुठे होतो आपण?" वर्ग म्हणायचा, प्रतापगडावर. मी खिडकीत असायचो. अजून तिथेच आहे.

बायकोला हे लग्नानंतर कळलं. नॅट नावाचं एक चिमुकलं लढाऊ विमान होतं, पाकिस्तानच्या सेबरना पुरून उरलेलं. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम २२ फूट. आमचा हॉल बाल्कनी धरून तेवढाच भरतो की नाही, म्हणून मी एका रविवारी टेप लावून मोजला. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर दिवाण मधोमध आडवा.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मुलांना म्हणून घेऊन गेलो. मुलं आत हुंदडत होती आणि मी मारुतजवळ. जर्मनीच्या कुर्ट टँक यांनी बंगळुरात येऊन आखलेलं हे विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. काय बांधा! पण त्याच्या तोडीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. मुलगा देखणा, घराणं जर्मन, पगार मात्र बेताचा. तरी १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर त्याने त्याच पगारात संसार ओढला. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मारुतविषयी नव्हती.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला. मी सकाळपासून टीव्हीसमोर. या विमानाने कितीतरी तरुण वैमानिक नेले, हे मला ठाऊक आहे, आणि कोणी त्याला उडती शवपेटी म्हटलं की मी वाद घालत नाही. पण ज्या आवाजाने आपलं लहानपण भरलेलं, तो पुन्हा ऐकू येणार नाही म्हटल्यावर घशात काहीतरी अडकतंच. शेजारचे काका पेपर मागायला आले. माझा चेहरा बघून त्यांनी चपला दारातच काढल्या आणि बायकोला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"मिग."

"यांच्याकडचे?"

"हो, ओझरचे."

काका पेपर न घेता परत गेले.

त्याच डिसेंबरात आम्ही गोव्याला गेलो. समुद्रकिनारा बायकोने निवडायचा असं ठरलं होतं. बोगमाळो किती शांत आहे, हे मात्र मी दोन महिने तिच्या कानावर घालत होतो. बोगमाळोच्या रस्त्यावरच नौदलाचं विमान संग्रहालय आहे, हे तिला रिक्षा थांबल्यावर समजलं.

"दहा वर्षांचा मिक्सर भंगारात द्या म्हणता, आणि हे बघायला रजा काढता?"

सी हॉकपाशी मात्र ती थबकली. विक्रांतवरून जाऊन १९७१ मध्ये कॉक्स बाजार आणि चितगावावर तुटून पडलेली ही विमानं. तिला त्यातलं भावलं ते पंख दुमडायचं. "घडी होते? मग बरंय, जागा नाही खात," असं म्हणून तिने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं.

आणि मग ती दिसली. सुपर कॉन्स्टेलेशन. माशासारखं लांब, किंचित वाकलेलं अंग, शेपटीला एक सोडून तीन सुकाणू. चार इंजिनं, प्रत्येकाला १८ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. म्हणजे १४४ प्लग! आमच्या जुन्या स्कूटरला एकच होता, आणि त्यापायी मी निम्मं नाशिक ढकलत पाहिलंय. एअर इंडियात असताना हिचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. पुढे ती हवाई दलात गेली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आली, समुद्रावर टेहळणी करायला. तरुणपणी साहेबलोकांना परदेशी नेणाऱ्या राणीने उतारवयात खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवायचं काम पत्करलं. आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावरच्या आजी करतात.

"वेरूळची राणी?" बायको म्हणाली. तिचं माहेर संभाजीनगरचं. "अगंबाई, मग ही आमच्याकडचीच की!" तिने पदर सारखा केला, राणीच्या नाकाखाली उभी राहिली आणि मला फोटो काढायला लावला. एक नाही, सहा. मी प्लगांचं पुन्हा सांगू लागलो तर म्हणाली, "हलू नका, विमान कापलं जातंय."

फोटो लगेच बहिणीला गेला. रिक्षात बसेपर्यंत उत्तर आलं. बायकोने वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"ताई, विमानाने गेलात होय! पण भाऊजींनी जुनंच गाठलं वाटतं. स्वस्तात पडलं का?"