अकरावीचा प्रवेश

आमच्या घरचा कॉम्प्युटर दहावीत सुखी होता. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे बाबांना माहीत होतं; पण सरकारदरबारी नोकरी केल्यामुळे तारीख म्हटली की ती पुढे जाणारच, अशी त्यांची श्रद्धा. आणि झालंही तसंच! नोंदणी केली तर आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळतील, अशी सोय निघाली. "मिळाली ना मुदतवाढ?" बाबा अशा थाटात म्हणाले, की निवेदन त्यांनीच दिलं असावं.

पण वर्ष काय, बघता बघता सरतं. म्हटलं, घेऊन टाकू अकरावीत.

इथला कट-ऑफ कडक निघाला. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा हवा, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा किंवा नंतरचा. सातवीपर्यंतचे जवळजवळ सगळे बाद, मग ते कितीही गुणी असोत. आमचा २०१८ चा, काठावर पास. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क या अटीही निभावल्या. तरी तपासणीच्या ॲपने शेरा मारलाच: टीपीएम २.० आढळत नाही.

भाच्याला फोन लावला. "मामा, चिप असणार, बायोसमध्ये बंद असेल. चालू कर."

बायोसमध्ये शिरलो. तिथे टीपीएम नावाचं कुणी राहतच नव्हतं. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर ते पीटीटी या नावाने नांदतं, हे भाच्याने नंतर सांगितलं. माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असलं, की आपल्याकडेही कागदपत्रं अडतातच.

मग बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं आणि त्याची रिकव्हरी की ४८ आकड्यांची. हिने ती दुधाच्या हिशेबाच्या वहीत उतरवून घेतली, माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि खाली तारीख टाकली. "आता ही वही रद्दीत जाऊ देऊ नका," हा दम मला. रद्दी घालते कोण, हा प्रश्न मी गिळला.

भाच्याचं मत सरळ होतं: "फॉरमॅट मारून टाकू, मामा."

बाबा खुर्चीतून उठलेच. सोसायटीचे सेक्रेटरी असतानाची त्यांची सगळी पत्रं आत होती, युनिकोड घरात येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्यातलं एक उघडून भाच्याच्या लॅपटॉपवर पाठवलं. तिकडे तो फॉन्ट नव्हता. पाण्याच्या टाकीची गळती तिथे इंग्रजी मुळाक्षरं, उलटे-सुलटे कंस आणि टक्क्यांची चिन्हं होऊन वाहत होती.

"हे कुठल्या भाषेत आहे, आजोबा?"

"मराठीत. ठेकेदारालाही कळलं नव्हतं."

फॉन्टची सीडी सापडली. सीडी घालायला मशीनला तोंडच नव्हतं. पुढच्या बाजूला नुसती गुळगुळीत पट्टी. शेवटी जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून फाइल उचलली, पेन ड्राइव्हवर टाकली आणि बाबांनी तो पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात घातला. फॉरमॅटचा विषय तिथेच मिटला. आहे त्यावरच अपग्रेड चढवायचं ठरलं आणि मला ते मनातून पटलं. स्वच्छता ठीक आहे, पण मागच्या भाडेकरूच्या चुना-काथाचे डागही न सोडणारी स्वच्छता मला कधीच सोसलेली नाही.

अपग्रेड चालू असताना कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा स्वतःच बंद होऊन चालू होत होता. दर वेळी आई विचारायची, "गेला का रे?"

नाही गेला. सगळी पत्रं जागच्या जागी, फॉन्टही शाबूत. जुनं विंडोज एका फोल्डरमध्ये साधारण दहा दिवस राहतं, तेवढ्यात परत फिरता येतं, असं मी बाबांना समजावलं.

"म्हणजे प्रवेश रद्द करता येतो," बाबा म्हणाले. मग माऊस घेऊन डाव्या कोपऱ्यात बराच वेळ टिचक्या मारत बसले. स्टार्टचं बटण मधोमध सरकलं होतं.

"हे डावीकडे आण आधी. नाहीतर मी दहावीतच बरा."