प्रेक्षागार की सभागृह? पत्रिका लिहिणाऱ्यास खुले पत्र

महाशय,

तुमच्या नाटकाच्या निमंत्रणपत्रिकेचा कागद जाड, अक्षरं सोनेरी. खोटा होता तो फक्त पत्ता. मूळ इंग्रजी मजकुरात 'ऑडिटोरियम' होतं, त्याचं मराठी करताना तुम्ही 'प्रेक्षागार' ठोकून दिलंत. गडचिरोलीत जिल्हा प्रेक्षागार म्हणजे स्टेडियम, मोकळं मैदान! नाटक होतं सभागृहात. माझी मावशी गावाहून काळीपिवळीनं आली, शाल घट्ट लपेटून तासभर मैदानाच्या फाटकाशी थंडीत उभी राहिली. आत दिवा नाही, चिटपाखरू नाही. ती सभागृहात पोचली तेव्हा पहिला अंक संपला होता. नाटकापायी रात्र रात्र जागलेली बाई ती. तुमच्या चुकीचा मला फार राग आला, अजून आहे.

तुम्हाला इंग्रजीची एवढी हौस आहे, तर शब्द नीट तरी शिका. स्टेडियम म्हणजे खेळाचं मैदान आणि भोवती बसायच्या पायऱ्या. ग्रीकांत 'स्टेडियन' हे धावण्याचं अंतर होतं, सहाशे ग्रीक फुटांचं. अरेना म्हणजे मधोमध झुंज किंवा खेळ आणि चहूकडे प्रेक्षक. शब्दाचा लॅटिन अर्थ वाळू, कारण रोमन आखाड्यात रक्त शोषायला वाळू पसरत. थिएटर ही पाहायची जागा, ऑडिटोरियम ऐकायची. चंद्रपूरचं प्रियदर्शिनी इंदिरा गांधी सांस्कृतिक सभागृह हे ऑडिटोरियम. चांदा क्लबचं मैदान हे नुसतं मैदान, तिथे कितीही मोठी सभा भरली तरी.

दुसऱ्या पत्रिकेत तर तुम्ही धानाच्या बांधीतल्या मांडवाला 'ओपन अरेना' म्हटलंत. धान कापून झालं की त्या रिकाम्या बांधीत मांडव पडतो. दिवसा शंकरपटाच्या बैलजोड्या धावतात, रात्री नाटक सुरू होतं ते उजाडेपर्यंत. एका बाजूला रंगमंच, समोर माणसं. ह्यात अरेना कुठे आहे? वडशाच्या नाटक कंपन्यांनी आमच्या भागातली ही झाडीपट्टी रंगभूमी जिवंत ठेवली. तिच्यातले कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. ह्या रंगभूमीला तुमच्या उसन्या शब्दाची गरज नाही.

आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का? मांडव, मैदान, आखाडा, पट, सभागृह. आमच्याकडे 'मंडई' म्हटलं की भाजीबाजार नव्हे, दिवाळीनंतरची जत्रा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एकेका शब्दात जागा, वेळ, गर्दी सगळं आलं.

तेव्हा पुढची पत्रिका छापण्याआधी एवढं करा: इमारतीच्या दारावर जे नाव आहे तेच लिहा, आणि खाली लिहा, बसस्टँडवरून कसं यायचं. मावशी येत्या मंडईलाही नाटकाला येणार आहे.

आपला,
एक झाडीपट्टीकर