बकासुराचा पत्ता

बकासुर नेमका कुठे मेला यावर या देशात एकमत होणे नाही. बिहारातले आरा म्हणते, भीमाने बकासुराला मारले ती एकचक्रानगरी आमचीच. पुरातत्त्ववाल्या कनिंगहॅमसाहेबांचे मतही त्यांच्याच पारड्यात. बंगालात बीरभूम जिल्ह्यातल्या गावाने तर एकचक्रा हे नावच लावून टाकले आहे. कर्नाटकात कैवारा आहे. आपल्याच वर्धा जिल्ह्यात केळझर आहे, तिथल्या सिद्धिविनायकाला जाणाऱ्याला बकासुराची हकिकत ऐकल्याशिवाय प्रसाद मिळत नाही. आणि धुळे-जळगाव रस्त्यावर, अंजनी नदीच्या काठी, आमचे एरंडोल. एकाच राक्षसाला इतक्या गावांत मारायचे म्हणजे भीमाला खुराक तसाच लागणार.

एरंडोलच्या चहाच्या टपरीवर ही शंका काढून पाहा. बाकावरचे आजोबा अहिराणीत निकाल देतात, "भाऊ, भीम आठेच जेवना. दुसरीकडे कसाले जाई तो?" हा युक्तिवाद मला कनिंगहॅमपेक्षा भक्कम वाटतो. ज्या मुलखात वरण-बट्टी, भरीत, कळण्याची भाकरी आणि खापरावरचे मांडे आहेत, तो सोडून वृकोदर जेवायला परगावी का जाईल? अडचण एकच. महाभारतात बकासुराला रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस पोचवायचा असतो. गाडाभर भात! ज्वारी-बाजरीच्या खानदेशात हा पुरावा आपल्याच विरुद्ध जातो. त्यावर आजोबांकडे उत्तर तयार असते, की पोथी लिहिणारा भातखाऊ मुलखातला असणार. महाभारताची चिकित्सा इतक्या थोडक्यात भांडारकर संस्थेलाही जमली नसती.

गावाकडे खुणाही आहेत. गावात पांडववाडा आहे. त्याचा वाद कोर्टात गेलेला, म्हणून तिथे जीभ आवरतो. दहा-अकरा किलोमीटरवर पद्मालय आहे, कमळांच्या तळ्याकाठचे गणपतीचे देऊळ. तिथे गणपतीही दोन, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या सोंडेचा, शेजारी शेजारी. सोंडेवरून घरोघर जो वाद होतो तो इथे मुळातच मिटवून ठेवला आहे. तिथून थोडे जंगलात गेले की भीमकुंड. बकासुराशी झटताना भीमाच्या कोपराने की गुडघ्याने खडकात खड्डा पडला, यात सांगणाऱ्यांचे दुमत असते. खड्ड्याबद्दल नसते.

आता प्रश्न या भीमकुंडावर लावायच्या पाटीचा. आपल्याकडे जुन्या वास्तूपाशी जाऊन उभे राहिले की काय वाचायला मिळते? पुरातत्त्व खात्याची निळी पाटी असली तर पहिल्यांदा धमकी. १९५८ चा कायदा, त्यात २०१० ची दुरुस्ती, वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, शंभर मीटरच्या आत बांधकाम नको. हे सगळे हवेच, त्याशिवाय लोक चिरे काढून गोठा बांधतात. पण वास्तू कुणाची, कशासाठी बांधली, हे त्या मजकुरात कुठे नसते. आपण काय केले तर तुरुंगात जाऊ एवढेच ज्ञान घेऊन पर्यटक परततो. दुसरा प्रकार कोनशिलेचा. तिच्यावर शुभहस्ते कोण, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख उपस्थितीत कोण, आणि अगदी खाली, दगड संपत आल्यावर, कशाचे उद्घाटन ते बारीक अक्षरांत. काही वर्षांनी खालच्या ओळी मातीत जातात आणि नुसती उपस्थिती उरते.

लंडनमध्ये घरांवर निळ्या गोल तबकड्या लावतात. १८६७ साली पहिली लागली ती बायरनच्या जन्मघरावर, आणि १८८९ मध्ये ते घरच पाडले. तेव्हा फार हुरळून जायला नको. तिथल्या हॉवली प्लेसवरच्या दहा नंबरच्या घराला लोकमान्य टिळकांची पाटी आहे. नाव, साल, काय केले, इथे कधी राहिले, बस. नियम असा, की माणूस मरून वीस वर्षे झालेली हवीत आणि एकाला एकच पाटी. पहिल्या अटीत बकासुर सहज बसतो. दुसरीत आरा, केळझर आणि एरंडोल यांची हातघाई होईल.

पण पाटी कशी असावी हे शिकायला लंडन कशाला? चाळीसगावजवळच्या पाटण्याला जा. संशोधक भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणलेला शके ११२८ चा शिलालेख तिथला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाच्या दरबारातला ज्योतिषी. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणि' शिकवला जावा म्हणून त्याने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. भास्कराचार्यांच्या घराण्याची कितीतरी माहिती आपल्याला या एका दगडावरून कळते. मला त्याचा शेवट जास्त आवडतो. तिथे संस्कृत सोडून जुन्या मराठीत, मठाला बाजारातून काय मिळायचे ते लिहिले आहे, अगदी तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेलापर्यंत. म्हणजे कोणाची आठवण, कशासाठी, आणि रात्री अभ्यासाच्या दिव्याला तेल कोण घालणार, सगळे एका दगडावर. राजाला संस्कृत कळत होते, पण तेल्याकडून तेल घ्यायचे तर तेल्याच्या भाषेत लिहायला हवे, हे त्या मंडळींना आठशे वर्षांपूर्वी उमगले होते.

म्हणून भीमकुंडाची पाटी लिहिण्याचे काम उद्या कुणाकडे आलेच, तर त्यांना विनंती आहे. 'येथेच भीमाने बकासुराचा वध केला' असे ठोकून देऊ नका, केळझरकर वाचायला येतील. 'एरंडोलचे लोक असे मानतात' एवढे लिहा, ते शंभर टक्के खरे आहे. गाडाभर भाताचाही उल्लेख करा आणि टपरीवरच्या आजोबांचे उत्तरही घाला, जमल्यास अहिराणीत. दंडाची रक्कम मागच्या बाजूला घ्या. आणि पाटी पुसायची कोणी, रंग कोणत्या साली द्यायचा आणि त्याचे पैसे कुठून यायचे, हे शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहा. शुभहस्तांसाठी जागा उरणार नाही, त्याला इलाज नाही.