पकडीचा सोस

रेडिओ कंट्रोल गाड्यांचे शौकीन ग्रिपसाठी काय करत नाहीत! गालिच्याच्या ट्रॅकवर उतरण्याआधी १:१० मापाच्या टूरिंग कारच्या टायरांना द्रावण चोपडायचे, मग रबर मऊ पडावे म्हणून वॉर्मरमध्ये गुंडाळून शेकायचे. बाळंतिणीची शेकशेगडी परवडली. इतके लाड झाल्यावर गाडी वळणावर अशी चिकटते, की घसरण्याऐवजी थेट कोलांटी खाते. त्यावर उतारा म्हणजे पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडेला सुपरग्लूचा पातळ थर. कड टणक होते, पकड सुटते. आधी पैसे मोजून पकड घ्यायची, मग पैसे मोजूनच ती मारायची.

कोणी म्हणेल, पकड वाढली की लॅप टाइम उतरतो. उतरतो, कबूल, पण उलटी पडलेली गाडी मार्शल सरळ करेपर्यंत घड्याळ काही थांबत नाही. गाडी वळते कशी, हे बरेचसे पुढच्या-मागच्या पकडीच्या तोलावर ठरते आणि कॅम्बर, गाडीची उंची, शॉकचा कोन बदलून तो फुकटात साधता येतो. पण पाव फेरी पाना फिरवल्याची फुशारकी मारणार कशी? बाटल्या निदान टेबलावर मांडता तरी येतात.